स्पिंडल बदलायचा की अख्खा बीम? खर्चाचा अंदाज हवाय

हिंजवडीचा_हमाल | शनिवार, सकाळी ९:१२

मंडळी नमस्कार,

गाडी २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट, ९४ हजार किलोमीटर झालेली. जुलैत ताम्हिणीतून येताना पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात मागचं डावं चाक असं आपटलं, की मागे बसलेली आई म्हणाली, "गेलं रे काहीतरी." उतरून बघितलं तर टायर शाबूत, रिम शाबूत. निघालो पुढे. गणपतीच्या सुमारास मागून घुंऽऽ असा आवाज यायला लागला. चाळीसच्या पुढे चढत जातो, ऐंशीला रेडिओ मोठा करावा लागतो. टायरचा असेल म्हणून पुढचे मागे, मागचे पुढे करून झाले, आवाज जागचा हलला नाही.

परवा सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवलं तर खट्खट ऐकू आलं. अर्ध्या तासात हातात कागद:

मागचा ॲक्सल (बीम) – १२,४००
ब्रेक ड्रम, दोन – ४,३००
ब्रेक शू सेट – १,१५०
ब्रेक ऑइल – ४५०
मजुरी – ३,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५७६
एकूण – २२,०७६

म्हणे, "स्पिंडल खराब झालाय, तो बीमबरोबरच येतो. शिवाय खड्ड्यात बीम वाकलाच असणार." ड्रम उघडून बघितलात का, असं विचारलं तर "अनुभवावरून कळतं सर."

गाडीची आजची किंमत काय आणि हे बावीस हजार काय! दिवाळीला कराडला जायचंय, तोवर काहीतरी करायलाच हवं. कुणी स्पिंडल सुटा बदलून घेतलाय का? किती लागले?

---

चिंचवडचा_निवृत्त | शनिवार, सकाळी १०:०५

सही करू नका. ड्रम न उघडता स्पिंडलबद्दल बोलणं म्हणजे पत्रिका बघून ताप किती ते सांगणं.

तीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या गाडीच्या मागच्या चाकाला इंजिनाकडून काही जोर येत नाही, ते नुसतं ओढत येतं. बीम म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा. त्याच्या टोकाला एक पोलादी खुंटी असते, तो स्पिंडल. ड्रमच्या पोटात बेअरिंग बसवलेलं असतं, मागून सर्क्लिप, म्हणजे बेअरिंग सरकू न देणारी स्प्रिंगची कडी. हा ड्रम खुंटीवर चढवायचा, वरून मोठा नट आवळायचा, नटावर पत्र्याची टोपी ठोकायची. संपलं. गाडी चालते तेव्हा खुंटी आणि तिच्यावरची बेअरिंगची आतली रिंग स्थिर, बाहेरचं सगळं फिरतं.

आता बिघडतं कसं? बेअरिंग कोरडं पडलं किंवा त्यात पाणी गेलं की गोळ्या अडकायला लागतात. अडकलेल्या गोळ्या आतल्या रिंगलाही फिरवायला बघतात. रिंग खुंटीवर सरकायला लागली, की खुंटीला चक्क कानस लागते. अशा झिजलेल्या खुंटीवर नवं बेअरिंग घातलं तरी ते दोन महिन्यांत परत ओरडणार. म्हणून खुंटी झिजली असेल तर स्पिंडल बदलायचा, नाहीतर नुसत्या बेअरिंगवर भागतं.

तुमच्या मॉडेलला स्पिंडल बीमला चार बोल्टांवर असतो, मधे ब्रेकची बॅकप्लेट. सुटा मिळतो. काही गाड्यांत तो बीमलाच वेल्ड केलेला असतो, तिथे सर्व्हिस सेंटरवाल्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. तुमच्याकडे नाही.

आज घरी एक करा. ते चाक जॅकवर घ्या, पुढच्या चाकांना विटा लावा, हँडब्रेक सोडा. एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर अलगद ठेवा. चांगलं बेअरिंग असेल तर बोटांना काही लागत नाही. गेलेलं असेल तर स्प्रिंगमधून मुंग्या आल्यासारखी खरखर येते. कानाला न कळणारं बोटांना कळतं.

---

गंपू_ग्रीसवाला | शनिवार, सकाळी १०:३१

"अनुभवावरून कळतं सर" हे वाक्य एस्टिमेटमध्ये वेगळं लावायला हवं होतं. ३,२०० मजुरी त्याचीच दिसतेय.

---

नानापेठी | शनिवार, सकाळी ११:२०

माझं दुकान पार्टचंच आहे, म्हणून भाव सांगतो (दुकानाची जाहिरात नाही, नाव विचारू नका).

स्विफ्टचा मागचा स्पिंडल, ओरिजिनल, सध्या माझ्याकडे १,२४० ला आहे. ड्रम बेअरिंगसकट २,१५० ला एक. नुसतं बेअरिंग नऊशे ते चौदाशे, कंपनीप्रमाणे. नट नवाच घ्या, जुना परत लावू नका, आणि टोपी व ओ-रिंगसुद्धा नवी. हे सगळं मिळून पावणेदोनशेच्या आसपास, पण गिऱ्हाईक घासाघीस नेमकी इथेच करतं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली म्हणजे जीएसटी. गाड्यांच्या पार्टवर आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय. दुकानात जुन्या एमआरपीचा माल अजून पडलेला असतो, तेव्हा बिल करताना "नव्या दराने लावा" असं तोंडाने सांगा. दुसरी म्हणजे बेअरिंगमधला डुप्लिकेट माल. खोकं हुबेहूब, आतलं पोलाद भलतंच. एसकेएफ कंपनीचं खोकं असेल तर त्यांचं ऑथेंटिकेट नावाचं ॲप आहे, फोटो काढून त्यातून खातरजमा करता येते. कुणी "मधला माल आहे, निम्म्यात देतो" म्हणालं तर सरळ उठून या.

---

उद्यमनगर_रिटर्न | शनिवार, दुपारी १:४८

कोल्हापूरकरांना हा प्रश्नच पडत नाही. आमच्या उद्यमनगरात गाळ्यागाळ्याला लेथ आहे. झिजलेला स्पिंडल घेऊन जायचा, वेल्डिंगचा भर घालायचा, लेथला लावून साइजला आणायचा. चारशे रुपये आणि वर एक चहा. उसाच्या ट्रॉलीचे स्टब (चाकाच्या खुंट्या) हंगामात रोज असेच होतात. नवं काय घेत बसताय!

---

चिंचवडचा_निवृत्त | शनिवार, दुपारी २:३०

उद्यमनगरच्या हातांबद्दल मला आदरच आहे. तिथल्या फाउंड्री आणि लेथ नसत्या तर अर्ध्या महाराष्ट्राच्या मोटरी बंद पडल्या असत्या. पण इथे नाही म्हणेन.

स्पिंडलची खुंटी आणि तिची थाळी जिथे जुळते तिथे कोपरा काटकोनात नसतो, गोलाई दिलेली असते. गाडीचं मागचं निम्मं वजन त्या गोलाईवर, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला दणका बसतोय. भर घालताना त्या जागेचं पोलाद लाल होतं आणि आपसूक थंड होतं, त्यात तिथला कडकपणा बदलतो. लेथवर साइज मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत आणाल हो, पण आत काय झालं ते व्हर्नियरला दिसत नाही. मग एक दिवस तडा जातो आणि चाक ड्रमसकट बाजूने पुढे निघून जातं. उसाची ट्रॉली वीसच्या वेगाने जाते, तिचं चाक निखळलं तर ऊस रस्त्यावर येतो. एक्स्प्रेसवेला शंभरात काय होईल ते लिहीत नाही.

१,२४० रुपयांचा पार्ट आहे हो. त्यात आठशे वाचवायला हा जुगार कशाला?

---

उद्यमनगर_रिटर्न | शनिवार, दुपारी २:५२

गाडीला नको, हे मान्य. ट्रॉलीबद्दल काय बोलायचं नाही. आणि ऊस रस्त्यावर आला तर पोरं न्यायला तयारच असतात.

---

जीपवाले_काका | शनिवार, संध्याकाळी ६:१५

वाचतोय. आमच्या वेळी स्पिंडल म्हणजे काय हे ड्रायव्हरलासुद्धा माहीत असे, कारण दर पावसाळ्यानंतर तो उघडावाच लागे.

माझी महिंद्राची जुनी फोर बाय फोर जीप, मुक्काम वाई. पुढच्या चाकाला नकल (स्टिअरिंगबरोबर वळणारा सांधा), नकलला सहा बोल्टांनी स्पिंडल, स्पिंडलवर दोन टेपर (निमुळत्या) बेअरिंगांवर फिरणारा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, आणि स्पिंडलच्या पोकळीतून आरपार जाणारा ॲक्सल. आतला नट, मधे जिभेचा वॉशर, बाहेरून लॉक नट. नट चाक जड होईपर्यंत आवळायचा, मग जराशी ढील द्यायची, चाक हाताने फिरवून बघायचं आणि वॉशरची जीभ वाकवायची. हे सगळं हाताच्या अंदाजाने. वडील म्हणत, चाक सोडलं की हळू थांबलं पाहिजे, दचकून नाही.

एकदा नदीतून जीप काढली आणि घरी येऊन ग्रीस बदललंच नाही. पंधरा दिवसांनी हब उघडला तर आत ग्रीस नव्हतंच, दुधाचा चहा होता. दोन्ही बेअरिंगं गेली आणि स्पिंडलवर नखाने मोजता येतील अशा पायऱ्या. त्या वेळी स्पिंडल जुन्या बाजारातून आणला होता, पुण्याहून, मंगळवार पेठेतून. तीन हाताळले, चौथा घेतला.

हमालराव, तुमच्या आईंना सांगा, त्यांचं निदान सगळ्यात आधीचं आणि फुकटातलं.

---

चिंचवडचा_निवृत्त | शनिवार, संध्याकाळी ६:४०

काका, मस्त! फक्त एक सावधगिरी नव्या वाचकांसाठी. टेपर बेअरिंगचा हा "आवळा आणि ढील द्या" प्रकार स्विफ्टला लावायचा नाही. इथलं बेअरिंग सीलबंद, त्याची ढील कारखान्यातच ठरलेली. नट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचनेच (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळायचा. हाताच्या अंदाजाने सैल राहिला तर आतली रिंग सरकते, म्हणजे पुन्हा तेच रामायण.

---

हिंजवडीचा_हमाल | रविवार, दुपारी १२:२०

स्प्रिंगवर बोटं ठेवली. उजवीकडे काहीच नाही. डावीकडे अगदी तसंच, मुंग्या. बायकोलाही हात लावायला लावला, ती म्हणाली मिक्सरमध्ये खडा गेल्यासारखं लागतंय.

पण आता नवीनच घोर लागलाय. बीम वाकलाय का ते कळावं म्हणून सकाळी अलाइनमेंट करून आलो. ५०० रुपये. मशीनचा कागद असा: मागचं उजवं चाक, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे १ अंश ० मिनिटं. मागचं डावं, उणे २ अंश ४० मिनिटं! कागदावर तो आकडा लाल रंगात. अलाइनमेंटवाला म्हणाला, "बीम गेला साहेब." म्हणजे सर्व्हिस सेंटरवाला खरंच बोलत होता की काय?

---

चिंचवडचा_निवृत्त | रविवार, दुपारी १२:५५

घाबरू नका. मशीन खोटं बोलत नाही, पण ते तुमचा बीम मोजतच नाही. ते चाकाला क्लिप लावून चाकाचा कल मोजतं. तुमचं डावं चाक खट्खट हलतंय. बेअरिंग ढिलं असेल तर गाडीच्या वजनाने चाक वरून आत झुकणारच, आणि तोच झोक कागदावर लाल होऊन आला.

त्यातही तीन शक्यता: नुसती बेअरिंगची ढील, खड्ड्यात वाकलेला स्पिंडल, किंवा खरोखर वाकलेला बीम. पहिल्या दोन्हींचा इलाज एकच. म्हणून आधी स्पिंडल आणि बेअरिंग बदला, मग परत त्याच मशीनवर जा. आकडा जागेवर आला तर बीम निर्दोष. नाही आला तर बीमचे १२,४०० खर्च करायला तुम्ही मोकळे आहातच, आणि घातलेला स्पिंडल नव्या बीमलाही चालेल. पैसे कुठेच वाया जात नाहीत.

उलटा क्रम लावला, म्हणजे आधी बीम, तर आवाज जाईल, आकडा जागेवर येईल आणि तुम्ही जन्मभर समजाल की बीमच वाकला होता.

---

सौ_रिव्हर्सगिअर | रविवार, दुपारी ३:१०

धागाकर्त्यांचं मागचं चाक आहे म्हणून स्वस्तात सुटतायत. माझं पुढचं होतं.

पुढच्या चाकाला अशी सुटी खुंटी नसतेच. नकल असते, तिच्या भोकात बेअरिंग प्रेसने दाबून बसवलेलं, त्यात हब दाबलेला आणि हबमधून ड्राइव्ह शाफ्ट. नाशिकला एका गॅरेजात दिली. त्या भाऊंकडे प्रेस नव्हती. हातोडा आणि पाइपाचा तुकडा घेऊन त्यांनी बेअरिंग ठोकून बसवलं, मी समोर उभी. "टाकतो ताई, दहा मिनिटं." दहा मिनिटांचं काम चाळीस दिवस टिकलं. वर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागला तो निराळाच. नंतर कळलं की माझ्या गाडीच्या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकी पट्टी असते, ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. भाऊंनी उलटं बसवलं होतं.

दुसऱ्या खेपेला नकलच्या भोकालाही चरे पडलेले निघाले. मग नकल ३,६००, हब १,४००, बेअरिंग १,३५०, मजुरी आणि प्रेस १,५००, अलाइनमेंट ५००. हिशेब तुम्हीच करा, माझा करून झालाय. पहिल्या वेळचे २,१०० त्यात धरलेले नाहीत.

भगिनींनो आणि बंधूंनो, गॅरेजात गेल्यावर पहिला प्रश्न: प्रेस आहे का?

---

चिंचवडचा_निवृत्त | रविवार, दुपारी ३:३२

ताई, तुमच्या पाइपाच्या तुकड्याने पोटात कालवलं. नकलमध्ये बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर द्यायचा असतो. आतल्या रिंगवर ठोकलं तर प्रत्येक घाव गोळ्यांमधून जातो आणि गोळ्या रिंगला बारीक खळगे पाडतात. ते डोळ्याला दिसतही नाहीत. बेअरिंग नवंकोरं असतं आणि आवाज पहिल्या दिवसापासून.

---

विमा_वगैरे | रविवार, रात्री ९:०२

खड्ड्यामुळे झालंय, तर विम्यातून मिळेल का, असं कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच लिहितो.

झिजून गेलेला पार्ट विम्यात बसत नाही. आपटून मोडला तर बसू शकतो, पण जुलैचा खड्डा ऑक्टोबरात सांगितलात तर सर्व्हेअर हसेल. घटका दोन घटका धरू की बसला. दहा वर्षांपुढच्या गाडीला धातूच्या पार्टवर घसारा ५० टक्के. समजा स्पिंडल आणि ड्रम मिळून ३,४००, तर त्यातले १,७०० मिळणार. मजुरी १,३०० पूर्ण धरली तर झाले ३,०००. त्यातून सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये. हातात २,०००.

आता नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. तुमचा ५० टक्क्यांवर असेल तर एका क्लेमने तो शून्यावर येतो आणि परत २०, २५, ३५, ४५ असं चढत पन्नासला पोचायला पाच वर्षं. ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ता आज १,९०० असेल तर पुढच्या वर्षी त्याचे ३,८०० होतील. दोन हजार पहिल्याच वर्षी गेले, उरलेली चार वर्षं तोटाच.

या कामाला विमा विसरा. (झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, घेतलेल्या नव्या गाडीवाल्यांचं गणित वेगळं, ते इथे नको.)

---

डेट्रॉइटकर | रविवार, रात्री ११:४०

तुमच्याकडची मजुरी वाचून डोळे पाणावले. इकडे आमच्या भागात तासाला दीडशे डॉलर. गेल्या हिवाळ्यात माझं मागचं हब युनिट गेलं. पार्ट ९५ डॉलरचा, चार बोल्ट, कागदावर तासाभराचं काम. पण इथे बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात. अकरा हिवाळे मीठ खाल्लेलं ते युनिट नकलशी इतकं एकजीव झालं होतं, की गॅसने तापवून, ठोकून, अखेर नकलसकट काढावं लागलं. नकल जंकयार्डमधून आणली. बिल ६१० डॉलर झालं. नांदेडला वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "त्यात इकडे जुनी गाडीच आली असती."

अवांतर: घटका दोन घटका धरू की बसला, म्हणजे काय हो विमावाले? वीस वर्षं बाहेर आहे, विसरलो असेन.

---

विमा_वगैरे | सोमवार, सकाळी ७:५५

काही नाही हो, मोबाइलने माझ्या वाक्याचा अपघात केला. "घटना आणि दावा यांत इतकं अंतर चालत नाही" असं लिहायचं होतं. संपादन करता येत नाहीये, राहू दे तसंच.

---

हिंजवडीचा_हमाल | शुक्रवार, रात्री १०:१८

मंडळी, काम झालं. सविस्तर लिहितो, कारण इथे सगळ्यांनी मनापासून मदत केली.

पार्ट मी स्वतः नाना पेठेतून आणले. गॅरेज घराजवळचं, मिस्त्री साठीचे, शब्द मोजून वापरणारे. "टॉर्क रेंच आहे का?" असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कपाटातून लाल डबा काढून समोर ठेवला. पुढे मी काही विचारलं नाही.

चाक काढलं. ड्रमवरची टोपी बघूनच मिस्त्री "हं" म्हणाले. टोपीच्या कडेला चेप होता आणि चेपाजवळ नखाएवढी चीर. मे महिन्यात मी ब्रेक साफ करून घेतले होते, तेव्हा कुणीतरी ती टोपी तिरकी ठोकलेली. टोपी उचकटल्यावर आत नटाभोवती पाण्याने फाटलेला, चॉकलेटी लगदा. काकांचा दुधाचा चहा आठवला.

ड्रम पुलर लावूनही सरळ येईना. बाहेर आला तो बेअरिंगची आतली रिंग खुंटीवरच ठेवून. ती मिस्त्रींनी ग्राइंडरने अर्धी कापली आणि छिन्नीच्या एका घावाने फोडली. मग खुंटी चिंधीने पुसून माझ्या हातात बॅटरी दिली. बेअरिंग बसतं त्या जागी निळी-जांभळी झाक, रिकामं स्टीलचं पातेलं तापल्यावर तळाला धरते तशी. नख फिरवलं तर दोनदा अडकलं. सरळपट्टी लावून बघितली तर खुंटी वाकलेली वाटत नव्हती, पण दोघांपैकी कुणीच पैज लावली नाही.

बॅकप्लेटमागचे चार बोल्ट. तीन निघाले. चौथ्याला गंजतेल मारून चहा प्यायलो, मग निघाला. म्हणजे स्पिंडल सुटाच येतो, चिंचवडकर. चारच बोल्ट, मोजले.

खर्च:

स्पिंडल – १,२४०
ड्रम बेअरिंगसकट, एक – २,१५०
ब्रेक शू सेट, दोन्ही बाजूंना – १,१५०
नट, ओ-रिंग, टोपी – १८०
ग्रीस, ब्रेक क्लीनर – १५०
ब्रेक ऑइल – २००
मजुरी – १,३००
एकूण – ६,३७०

उजवा ड्रमही उघडला. मिस्त्रींनी आतला व्यास मोजला, ड्रमवर कोरलेल्या मर्यादेच्या बराच आत होता, बेअरिंगही शांत. म्हणाले, कशाला फेकायचा. शू मात्र दोन्हीकडचे बदलले, नाहीतर ब्रेक एकीकडे ओढतो.

आणि आता कागद. आज परत त्याच मशीनवर गेलो, आणखी ५००. मागचं डावं चाक: उणे १ अंश ५ मिनिटं. हिरवं. अलाइनमेंटवाल्याला आधीचा लाल कागद दाखवला तर म्हणाला, "बीम बदललात ना?" मी म्हटलं, नाही. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढला.

मिस्त्रींना विचारलं, खड्ड्याने गेलं की टोपीने? "पाणी आधीच जात होतं. खड्डा निमित्त."

---

नानापेठी | शुक्रवार, रात्री १०:४०

टोपी साठ रुपयांची आहे. आता यापुढे गिऱ्हाइकाला हा धागा दाखवत जाईन. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

चिंचवडचा_निवृत्त | शुक्रवार, रात्री १०:५२

छान झालं. जुना स्पिंडल टाकू नका, मला हवाय. नातवाला दाखवायचाय, तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याने बेअरिंग फक्त पडद्यावर फिरताना बघितलंय.

एक राहिलं. शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट परत टॉर्क रेंचने तपासून घ्या. तुमच्या गाडीला ८५ न्यूटन मीटर. पायाने पान्यावर उभं राहून नव्हे.

---

सौ_रिव्हर्सगिअर | शुक्रवार, रात्री ११:१५

मिस्त्रींचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नाशिकहून येईन.

---

जीपवाले_काका | शनिवार, सकाळी ६:०५

आईंना सांगितलंत का?

---

हिंजवडीचा_हमाल | शनिवार, सकाळी ९:३०

सांगितलं काका. काल रात्री त्यांना घेऊनच बाणेरपर्यंत चक्कर मारून आलो. आवाज पूर्ण गेलाय. इतका, की मागच्या सीटच्या पट्ट्याचं बकल दारावर टिक्टिक वाजतं ते पहिल्यांदाच ऐकू आलं. आई म्हणाली, "हे काय नवीन?"